अन्न नाकारणारे मूल: सुरगाणा आणि डोंगराळ महाराष्ट्रातील पोषणोपचारांचा इतिहास

वैद्यकशास्त्रात ज्यांना खाण्याचे विकार म्हटले जाते त्यांची चर्चा मराठीत बहुधा शहरातील किशोरवयीन मुलींच्या संदर्भात होते. लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी १८७३ मध्ये स्वतंत्रपणे वर्णन केलेला ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे मनोविकारातून अन्न टाकून देण्याची अवस्था, हे त्यांपैकी सर्वांत परिचित नाव आहे. अशा रुग्णाच्या उपचारांत मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि कुटुंबीय या सर्वांचा वाटा असला, तरी उपासमारीने खंगलेले शरीर आधी सावरावे लागते आणि अन्न किती, कोणत्या गतीने द्यावयाचे हे शरीराच्या डॉक्टरालाच ठरवावे लागते. याच शरीरक्रियेचा दुसरा आणि कितीतरी मोठा इतिहास महाराष्ट्राच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात, गडचिरोलीच्या जंगलात आणि मेळघाटात घडला आहे. तेथील उपासमार दारिद्र्यातून येते, मनोविकारातून नव्हे. परंतु तिच्या अखेरच्या टप्प्यावरचे मूलही पुढे केलेला घास दूर सारते. हा नकार हट्ट नसून आजाराचे लक्षण आहे, हे ओळखण्यास आणि त्या ओळखीप्रमाणे उपचारांची जागा व जबाबदारी ठरविण्यास डॉक्टरांना शंभराहून अधिक वर्षे लागली.

नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकास असलेला सुरगाणा तालुका हा इतिहास तपासण्यासाठी योग्य ठिकाण आहे. १९४८ पर्यंत हे देशमुख घराण्याचे लहानसे संस्थान होते आणि विलीनीकरणानंतर ते मुंबई राज्यात आले. पूर्वेस कळवण, दक्षिणेस पेठ व दिंडोरी आणि पलीकडे गुजरातमधील डांग व वलसाड जिल्ह्यांचा डोंगराळ भाग, अशा बेचक्यात नार आणि पार या पश्चिमवाहिनी नद्यांच्या खोऱ्यांत येथील गावे आणि पाडे विखुरलेले आहेत. कोकणा, वारली, महादेव कोळी आणि भिल्ल हे येथील प्रमुख समाज असून तालुक्याची जवळजवळ सर्व लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. नागली, वरई, भात, उडीद आणि खुरसणी ही येथील पारंपरिक पिके होत. नागलीची रोपे आधी राब भाजलेल्या जमिनीत वाढवून आषाढात उतारावर लावली जातात आणि पीक दिवाळीच्या सुमारास हाती येते. त्यामुळे श्रावण-भाद्रपदात आधीच्या हंगामाचे धान्य संपलेले आणि नवे अजून शेतात, असा काळ दरवर्षी येतो. याच दिवसांत पावसाने वाटा तुटतात, जुलाब आणि तापाचे प्रमाण वाढते आणि आई दिवसभर लावणीत गुंतलेली असते. कापणीनंतर अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. मुलाचे वजन घटण्याचा आणि आईच्या गैरहजेरीचा काळ असा एकमेकांत गुंतलेला आहे, आणि या भागात पोषणोपचारांची जी जी योजना आली तिला या दिनक्रमाशी झुंजावे लागले.

उपासमारीच्या प्रश्नात डॉक्टराने अधिकाराच्या भाषेत बोलण्याचा पहिला ठळक प्रसंग १८७७ चा आहे. दक्षिणेतील मोठ्या दुष्काळात भारत सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत, असा दर ठरविला. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. विल्यम कॉर्निश यांनी त्याला उघड विरोध केला. खडी फोडणाऱ्या माणसाचे शरीर इतक्या अन्नावर टिकत नाही, हा त्यांचा आक्षेप शरीरशास्त्राचा होता आणि तो त्यांनी तुरुंगांतील आहार व वजनांच्या आधारे मांडला. त्याच सुमारास मुंबई इलाख्यात दुष्काळी कामांवरील हजारो मजुरांनी या दराविरुद्ध काम सोडले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रासला हा दर पुढे वाढवावा लागला. सरकारी नोकरीतील डॉक्टराने खर्चकपातीच्या धोरणापुढे वैद्यकीय मत झुकू दिले नाही, हे या प्रसंगाचे मोल आहे आणि पुढील शतकात अशी उदाहरणे असावीत तितकी आढळत नाहीत.

मद्रासमध्येच डॉ. अलेक्झांडर पोर्टर यांनी दुष्काळात मरण पावलेल्या शेकडो व्यक्तींचे शवविच्छेदन करून १८८९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. दीर्घ उपासमारीत आतड्याचे अस्तर झिजून पातळ होते, त्यामुळे मदतकेंद्रात पोहोचल्यावर अन्न मिळूनही रुग्ण जुलाबाने दगावतात, हे त्यांनी दाखविले. अन्न दिले की भुकेला माणूस बरा होतो, ही समजूत येथे प्रथमच शास्त्रीय पुराव्यानिशी मोडली. तरीही तिचा जोर टिकला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात कलकत्त्यातील रुग्णालयांनी मरणासन्न रुग्णांना पचविलेल्या प्रथिनांची इंजेक्शने देऊन पाहिली. सायीविरहित दुधाची भुकटी, पीठ, साखर आणि मीठ यांचे जे मिश्रण त्या दुष्काळात वापरले गेले तेच एप्रिल १९४५ मध्ये बर्गेन-बेल्सन छळछावणीतून सुटलेल्या कैद्यांना देण्यात आले. पण ते अनेकांना इतके गोड लागले की ते त्यांच्या घशाखाली उतरेना, आणि छावणीत इंजेक्शनची दहशत अनुभवलेल्या रुग्णांनी प्रथिनांच्या इंजेक्शनलाही नकार दिला. उपासमारीवरील उपचारांत रुग्णाची चव, भीती आणि सवय यांना औषधाइतकेच स्थान द्यावे लागते, हा धडा तेथे फार मोठ्या किमतीला मिळाला.

बालकांच्या बाबतीत निर्णायक वर्णन डॉ. सिसेली विल्यम्स यांचे. पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट वसाहतीत काम करताना त्यांनी १९३३ मध्ये अंगावरचे दूध तुटल्यानंतर केवळ मक्याच्या पेजेवर वाढणाऱ्या मुलांत सूज, त्वचा सोलणे, चिडचिड आणि अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे एकत्र नोंदवून क्वाशिओरकोर हा आजार वैद्यकाच्या नकाशावर आणला. सुजेशिवाय हाडाचा सापळा होण्याच्या अवस्थेस मरॅस्मस म्हणतात. पुढे बराच काळ जगभरच्या तज्ज्ञांनी प्रथिनांच्या कमतरतेवर सगळा भर दिला आणि आयात दूधभुकटी हाच उपाय मानला गेला. भारतात या मताला तोल दिला तो डॉ. सी. गोपालन यांनी. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू केलेली पोषण संशोधनशाळा १९५८ मध्ये हैदराबादला आली. तिचे नेतृत्व करताना गोपालन यांनी दाखविले की दोन्ही अवस्थांतील मुलांचा आहार सारखाच तुटपुंजा असतो आणि खरी तूट प्रामुख्याने एकूण उष्मांकांची, म्हणजे शरीराला मिळणाऱ्या ऊर्जेची असते. या एका निष्कर्षाचा अर्थ सुरगाण्यासारख्या भागासाठी फार मोठा होता, कारण त्यानुसार नागली, उडीद, शेंगदाणे, गूळ आणि तेल यांतूनही मूल सावरू शकते. ते पुरेशा प्रमाणात आणि दिवसातून अनेकदा भरविले जाणे हीच अट उरते.

हे ज्ञान गावापर्यंत नेण्याचा महाराष्ट्रातील पहिला पद्धतशीर प्रयत्न सुरगाण्याच्या नैर्ऋत्येस, डहाणू तालुक्यातील कासा येथे झाला आणि त्याचे श्रेय डॉ. पी. एम. शाह यांना आहे. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाशी व जे. जे. रुग्णालयाशी संलग्न बालआरोग्य संस्थेत काम करताना त्यांना एकच गोष्ट वारंवार दिसत होती: खाटेवर महिनाभर ठेवून वजन वाढविलेले मूल घरी गेले की काही महिन्यांत पुन्हा त्याच अवस्थेत परतते, कारण रुग्णालयातील अन्न घरी नसते आणि आईला काहीच शिकविलेले नसते. पालघर येथील ग्रामीण आरोग्य केंद्रात त्यांनी कुपोषित मुलांवर घरीच, घरच्याच अन्नाने उपचार करण्याचे प्रयोग केले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास कासा प्रकल्पात ते वारली वस्तीच्या मोठ्या क्षेत्रात राबविले. पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाचे नियमित वजन करून ते वाढीच्या तक्त्यावर मांडणे, ज्या मुलांना अधिक धोका आहे त्यांनाच जास्त वेळ देणे, आणि हे काम गावातल्याच अर्धवेळ कार्यकर्त्या स्त्रियांकडे सोपविणे, अशी ही रचना होती. डॉक्टर आठवड्यातून ठरावीक वेळी येऊन कठीण मुले तपासत. या पद्धतीत डॉक्टराचे महत्त्व कमी झाले असे वरवर वाटते, पण वस्तुतः त्याचे काम अधिक अवघड झाले: कोणते निर्णय दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे आणि कोणते स्वतःकडे ठेवायचे, हे त्याला ठरवावे लागले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडी याच विचारधारेत बसते, आणि या केंद्रीय योजनेलाही दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांचे तांत्रिक मार्गदर्शन होते. अंगणवाडीत मात्र वजनकाटा आला आणि त्यामागचा वैद्यकीय निर्णय बऱ्याच ठिकाणी मागे राहिला. नोंदवहीत रेघ खाली घसरत असताना पुढे काय करायचे हे सेविकेला सांगणारे कोणी नव्हते.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हाच प्रश्न सामाजिक बाजूने हाताळला. त्यांनी निवडलेल्या ग्राम आरोग्य कार्यकर्त्या बहुतांशी निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातील स्त्रिया होत्या. मुलाला कोण, केव्हा, काय भरविते हे त्यांना माहीत असे आणि उच्चवर्णीय घरातही त्यांचा सल्ला मानला जावा यासाठी आरोळे दांपत्याने जाणीवपूर्वक स्वतःचे वजन त्यांच्या मागे उभे केले.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्च संस्थेचे काम सुरू केले आणि उपचाराचा अधिकार आणखी एक पाऊल पुढे नेला. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला आहे की नाही हे प्रयोगशाळेविना ओळखण्यासाठी त्यांनी काही साधी लक्षणे निश्चित केली. आधी नीट दूध ओढणारे बाळ आता ओढेनासे झाले, आधी जोरात रडणारे बाळ क्षीण रडू लागले, आईला बाळ गार लागते, अशी ती लक्षणे असून त्यांपैकी कोणतीही दोन एकत्र आढळल्यास आरोग्यदूताने म्हणजे प्रशिक्षित गावकरी स्त्रीने घरीच प्रतिजैविके सुरू करावीत, असा नियम ठरला. यातील पहिले लक्षण येथे विशेष महत्त्वाचे आहे, कारण अन्न नाकारणे हा रोगाचा इशारा आहे ही गोष्ट येथे ग्रंथातून निघून झोपडीत वापरता येईल अशा नियमात आली. ३९ गावांतील या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत गृहाधारित नवजात बालसेवा देशभर स्वीकारली.

दरम्यान १९९२-९३ मध्ये जव्हार-मोखाड्याच्या भागातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी राज्य हादरले, आणि मेळघाटातील मृत्यूंवरून पत्रकार शीला बारसे यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. १९९५ मध्ये आलेल्या नवसंजीवन योजनेने आदिवासी तालुक्यांसाठी मानसेवी वैद्यकीय अधिकाऱ्यांची भरारी पथके, पाडा स्वयंसेवक, मातृत्व अनुदान आणि पावसाळ्यापूर्वी धान्य पोहोचविण्याची व्यवस्था एकत्र आणली. ही पथके पावसाळ्यात दुर्गम पाड्यांवर फिरणारी असल्याने कल्पना योग्यच होती. परंतु मानसेवी म्हणजे नियमित पगाराऐवजी मानधनावर काम करणारा हा डॉक्टर वरिष्ठ अधिकारी आणि कायम कर्मचारी यांच्या मधोमध अधिकाराविना उभा राहिला. नेतृत्व व्यक्तीच्या गुणांवर जितके अवलंबून असते तितकेच पदाच्या रचनेवरही असते, आणि ज्या डॉक्टराला बदलीची खात्री आहे पण निर्णयाची मुभा नाही त्याच्याकडून आरोळे किंवा बंग यांच्यासारखे काम अपेक्षिणे अन्यायाचे आहे.

मृत्यू मोजण्याचा प्रश्नही डॉक्टरांनीच ऐरणीवर आणला. सर्च आणि राज्यातील इतर स्वयंसेवी संस्थांनी मिळून केलेल्या पाहणीचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल सरकारी नोंदींत बालमृत्यू मोठ्या प्रमाणावर सुटतात हे दाखविणारा होता. त्यानंतर राज्य सरकारने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. मिशनचे संचालन प्रशासकीय अधिकाऱ्यांकडे होते, पण त्याने उभारलेली उपचारांची तीन पायऱ्यांची रचना निखळ वैद्यकीय तर्कावर आधारलेली होती. अंगणवाडीतील ग्राम बालविकास केंद्रात ३० दिवस, ग्रामीण रुग्णालयातील किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील बाल उपचार केंद्रात २१ दिवस आणि जिल्हा पातळीवरील पोषण पुनर्वसन केंद्रात १४ दिवस अशी ती रचना असून, मूल कोणत्या पायरीवर जाईल हे त्याच्या भुकेवर आणि इतर आजारांवर ठरते. तीव्र कुपोषित मुलाला मोजून उपचारात्मक आहार दिला जातो. त्याने तो खाल्ला तर गावात उपचार शक्य आहेत, आणि नाकारला तर त्याला रुग्णालयात दाखल करावे लागते. यास भूक चाचणी म्हणतात.

रुग्णालयातील पहिल्या दिवसांचे शास्त्र जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये दहा पायऱ्यांत मांडले आणि त्यात डॉक्टराची उपस्थिती अपरिहार्य आहे. उपाशी शरीराने पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट यांचे साठे संपविलेले असतात. अशा मुलाला एकदम भरपूर जेवू घातले की इन्सुलिन वाढून रक्तातील हे क्षार पेशींत शिरतात, रक्तातील पातळी कोसळते आणि हृदय बंद पडू शकते. यास पुनर्पोषण संलक्षण म्हणतात, आणि नेमका हाच धोका शहरातील ॲनोरेक्सियाच्या रुग्णालाही असतो. म्हणून आधी रक्तातील साखर, अंगाची ऊब, पाणी आणि जंतुसंसर्ग यांकडे पाहून १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी असलेले पातळ दुधाचे मिश्रण दर दोन-तीन तासांनी रात्रंदिवस दिले जाते, लोह मुद्दाम टाळले जाते, आणि भूक परतल्यावरच दाट, १०० किलोकॅलरीचा आहार सुरू होतो. आजी-आजोबांना या काळात मुलाला मुद्दाम कमी खायला देतात असे वाटते आणि ते रागावतात. रात्री दोन वाजता मोजून दिलेल्या पेल्याचे कारण त्यांना पटवून देणे हाही उपचाराचाच भाग आहे, आणि जेथे डॉक्टर ते काम परिचारिकेवर सोडून निघून जातो तेथे कुटुंब मुलाला घेऊन निघून जाते.

सुरगाण्यात या रचनेचा खरा कस २१ दिवसांच्या मुक्कामात लागतो. आई मुलाबरोबर खाटेवर राहिली तर घरची इतर लहान मुले, गुरे आणि मजुरी यांचे काय, हा प्रश्न योजनेने ओळखला आणि आईला जेवणाबरोबर बुडीत मजुरीही द्यावी असे ठरविले. तरी भाताची लावणी किंवा द्राक्षांची छाटणी सुरू झाली की ही भरपाई अपुरी ठरते, कारण बुडीत मजुरीने एका आईच्या दिवसाची भरपाई होते, संपूर्ण कुटुंबाच्या हंगामाची नाही. तालुक्याच्या गुजरात सीमेवरील काही गावांनी डिसेंबर २०२२ मध्ये रस्ते, पाणी आणि आरोग्यसेवा मिळत नसल्याने आपला समावेश गुजरातमध्ये करावा अशी मागणी केली. पाड्यापासून दवाखान्यापर्यंतचे अंतर हाच उपचाराचा पहिला अडसर आहे, हे या मागणीतून दिसून येते.

म्हणूनच मेळघाटातील डॉक्टरांचे काम सुरगाण्याच्या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. बैरागड येथे १९८० च्या दशकापासून राहणारे डॉ. रवींद्र कोल्हे आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे यांना औषधांनी मुले वाचतात पण पुढच्या वर्षी तीच मुले परत आजारी पडतात हे दिसले, तेव्हा डॉ. कोल्हे यांनी स्वतः शेती करून दाखविली, पिकांच्या रोगांचा अभ्यास केला आणि रास्त धान्य दुकानाच्या कारभारात लक्ष घातले. धारणीजवळ उतावली येथे डॉ. आशिष सातव यांनी १९९८ पासून महान संस्थेमार्फत गावातील कार्यकर्त्यांच्या मदतीने तीव्र कुपोषित मुलांवर स्थानिक पातळीवर तयार केलेल्या उपचारात्मक आहाराने घरीच उपचार करण्याची पद्धत विकसित केली. सुरगाण्याशेजारच्या दिंडोरीत डॉ. श्याम अष्टेकर यांनी गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांना हाताशी ठेवता येईल असे सविस्तर मार्गदर्शन मराठीत लिहिले. त्याचे महत्त्व पुरेसे नोंदवले गेलेले नाही, कारण इंग्रजी सूचना ज्या भाषेत उतरत नाहीत त्या भाषेत निर्णयही घेतले जात नाहीत.

या सर्व प्रयत्नांचे फळ एकरेषीय नाही. दोन वर्षांखालील मुलांमधील खुंटलेल्या वाढीचे प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या राज्य पोषण सर्वेक्षणात २३ टक्क्यांवर आले, ही देशात चर्चिली गेलेली घट होती. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आणि ३५.२ टक्के मुले खुंटलेली आढळली. २०१५ मध्ये आदिवासी क्षेत्रांतील गरोदर आणि स्तनदा मातांसाठी सुरू झालेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना अंगणवाडीत रोज एक वेळचा चौरस आहार देते, म्हणजे उपचार मुलाच्या जन्माआधीच सुरू करण्याचा हा प्रयत्न आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा पायऱ्यांतील शेवटची, म्हणजे घरी गेलेल्या मुलावर पुढील महिने लक्ष ठेवणे, ही सुरगाण्यात सर्वांत कठीण आहे. दिवाळीनंतर बाल उपचार केंद्रातून सुटलेले मूल आठवड्याभरात दिंडोरी किंवा निफाडच्या बागेतील खोपीत असते आणि त्याचा वाढीचा तक्ता पाड्यावरच्या अंगणवाडीत राहतो. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांची नोंद एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचविण्याची व्यवस्था राज्याने अलीकडे सुरू केली आहे. तिचा उपयोग व्हायचा तर द्राक्षपट्ट्यातील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने सुरगाण्याहून आलेले मूल आपल्या यादीतले मानून त्याचे वजन घ्यावे लागेल आणि ते पुन्हा खाणे नाकारू लागले तर त्याच दिवशी दाखल करून घ्यावे लागेल.